कावळ्याची ओळख

मराठी भाषेने कावळ्याला जेवढे छळले आहे, तेवढे दुसऱ्या कुठल्याही पाखराला छळले नसेल. पोपटाला आपण पेरू देतो, मोराला कवितेत मानाचे पान देतो, आणि कोकिळेचे तर विचारूच नका! ती बाई आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालून मोकळी होते आणि वर गोड गळ्याबद्दल शाबासकीही मिळवते. कावळ्याच्या वाट्याला काय आले? शेणाचे घर, आणि तेही पहिल्या पावसात वाहून जाणारे. फांदी आपल्या मरणाने मोडली, तरी आळ तिच्यावर नुकत्याच बसलेल्या कावळ्यावर. त्याच्या शापाने गाय मरत नाही, असे सांगून आपण त्याची शाप देण्याचीही लायकी काढून घेतली आहे.

आणि तरीही गंमत पाहा. मूल पहिल्यांदा भात खायला शिकते तेव्हा एक घास काऊचा असतो. माणूस जातो तेव्हा दहाव्या दिवशी नदीकाठी सगळे गोत ताटकळत उभे असते, तेही काऊसाठीच. आयुष्याच्या पहिल्या घासाला जो साक्षी, तोच शेवटच्या घासाला. मधल्या साठसत्तर वर्षांत आपण त्याला हाकलत असतो, ती गोष्ट वेगळी.

हा मान कावळ्यालाच का? घारीला का नाही, पारव्याला का नाही? शास्त्रार्थ सांगणारे मला पुष्कळ भेटले. यमाचा दूत, पितरांचे रूप वगैरे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण मनाला पटेल असे उत्तर मिळाले ते सातासमुद्रांपलीकडे, कॅलिफोर्नियातल्या एका अक्रोडाच्या बागेत. आणि तेही बंदूकवाल्या माणसाकडून.

२०२३ च्या सप्टेंबरात मी मुलाकडे युबा सिटीला गेलो. सॅक्रामेंटोच्या उत्तरेला, फेदर नदीच्या काठी वसलेले हे गाव. चहूकडे तळहातासारखी सपाट जमीन, आणि त्या सपाटीतून एकाएकी वर आलेला सटर बट्सचा एकाकी डोंगर. सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या माणसाला तेवढ्यानेही बरे वाटते. आणखी एका गोष्टीने बरे वाटले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पंजाबातले शेतकरी या खोऱ्यात आले. आधी त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरी केली, पुढे स्वतःच्या जमिनी केल्या. आज इथल्या पीच, बदाम आणि अक्रोडाच्या कितीतरी बागा त्यांच्या आहेत. मुलाच्या परसाच्या कुंपणापलीकडची बागही अशाच एका सरदारजींची. वय सत्तरीच्या पुढे, दाढी पांढरीशुभ्र, आवाज खणखणीत. मी मास्तरकी केलेली आहे हे कळताच त्यांनी मला ‘मास्टरजी’ म्हणायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच दिवशी बाग दाखवायला घेऊन गेले.

तुम्ही अक्रोडाचे झाड पाहिले नसेल तर एवढे सांगतो, की त्या बागेतले प्रत्येक झाड दोन रंगांचे दिसते. बुंध्याशी खोड काळपट आणि खरबरीत, आणि थोड्या उंचीवर एक रेघ मारल्यासारखे होऊन वर उजळ, गुळगुळीत. खालचा खुंट तिथल्या रानटी काळ्या अक्रोडाच्या गोताचा आणि वरचे कलम आपण खातो त्या पातळ कवचाच्या अक्रोडाचे. आपल्याकडे हापूसचे कलम रायवळ खुंटावर बांधतात तसेच. फळ हिरव्या सालीत असते. ती साल उकलली की अक्रोड तयार झाला. मग एक यंत्र येते, खोडाला चिमट्यात धरते आणि असे गदागदा हलवते, की क्षणात जमिनीवर अक्रोडांचा सडा पडतो. मागून दुसरे यंत्र झाडून त्यांची लांब रास करते, तिसरे ती उचलून नेते. हा सगळा सोहळा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. म्हणजे नेमका आपल्या पितृपक्षाचा.

आणि त्या सोहळ्याला न बोलावता येतात ते कावळे.

अमेरिकेतला हा कावळा आपल्या गावकावळ्यासारखा राखी मानेचा नव्हे. तो चोचीपासून शेपटापर्यंत काळा, आपल्या डोमकावळ्याचा भाऊ शोभेल असा. मोठ्या कुटुंबात राहतो. थोरली पोरे लगेच वेगळी बिऱ्हाडे न थाटता आईबापांना धाकट्या भावंडांना वाढवायला मदत करतात. आमच्या मुलाच्या घरासमोर एक डांबरी रस्ता होता, आणि रोज सकाळी चहाचा पेला घेऊन मी खिडकीशी बसलो की समोर खेळ सुरू व्हायचा. कावळा बागेतून अक्रोड उचलून आणी, रस्त्यावर उंच जाई आणि अक्रोड सोडून देई. फुटला तर गर त्याचा, न फुटला तर पुन्हा वर. त्या मंडळींत एक होता, त्याच्या डाव्या पंखात एक पांढरे पीस होते. तो फारच शिस्तीचा. आजूबाजूला भाऊबंद नसले म्हणजे तो चांगला उंच जाई. कोणी टपून बसलेला दिसला, की मात्र अक्रोड अगदी खालून सोडी आणि स्वतः त्याच्या पाठोपाठ झेप घेई.

मला वाटले, हा माझ्याच नजरेचा खेळ असेल. पण तासाभराच्या वाटेवर डेव्हिस म्हणून विद्यापीठाचे गाव आहे, तिथे दोन संशोधकांनी हाच खेळ नीट मोजून १९९९ साली प्रसिद्ध केला आहे, असे मुलाने मला शोधून दाखवले. कवच कठीण असेल तर कावळा अधिक उंच जातो. खाली डांबर नसून माती असेल तर आणखी उंच जातो. आणि चोर जवळ असतील तर खालूनच सोडतो. उंची, कठीणपणा आणि भाऊबंदकी, तिन्हींचा हिशेब एका काळ्या डोक्यात! जपानात सेंदाई शहरातले कावळे तर अक्रोड मोटारींच्या चाकांपुढे नेऊन ठेवतात. डेव्हिसचे कावळेही तसेच करतात, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. ती तपासून पाहिली तेव्हा खरी ठरली नाही. कावळा हुशार असला, तरी त्याच्या नावावर खपवलेली प्रत्येक गोष्ट खरी असते असे नाही.

मला हे सारे कौतुकाचे वाटे. पण कुंपणापलीकडे त्या कौतुकाचे बिल सरदारजींच्या नावावर फाटत होते. आदल्याच वर्षी, २०२२ साली, अक्रोडाचा भाव असा कोसळला होता, की खोऱ्यातल्या पुष्कळांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. झाड लावल्यावर चांगले पीक हाती यायला पाचसात वर्षे जातात. ते उपटायला एक सकाळ पुरते. सरदारजींनी बाग राखली होती, पण हिशेबाला तोळा-मासा आला होता. अशा साली एक कावळा दिवसाला चार अक्रोड नेतो की दहा, हा विनोदाचा विषय राहत नाही.

त्यांनी गॅसवर चालणारी तोफ लावून पाहिली होती. ती ठरावीक वेळाने धडाड् करी. पहिले दोन दिवस कावळे उडाले. तिसऱ्या दिवशी ते तोफेच्या नळीवर बसून अक्रोड सोलू लागले. चकाकत्या फिती बांधल्या, त्यांचेही तेच झाले. शेवटी बंदूक आली.

कावळ्याची शिकार हा तिकडे हौसेचाही खेळ आहे. हिवाळ्यात त्याचा हंगाम असतो. शिकारी झुडपासारखे कपडे घालून आडोशाला बसतात, समोर एक मोठे शिंगाळे घुबड प्लास्टिकचे करून ठेवतात, आणि तोंडात लाकडी पिपाणी धरून कावळ्याच्या भांडणाचा आवाज काढतात. रात्री झोपलेल्या कावळ्यांना पकडून नेणारे हे घुबड म्हणजे त्यांचे पिढीजात वैरी. दिवसाउजेडी ते उघड्यावर सापडले, की टोळीच्या टोळी त्याच्यावर तुटून पडते आणि बंदुकीच्या तोंडी येते. या खेळाला कायदा आहे. कुठल्याही राज्याला वर्षात १२४ दिवसांहून जास्त हंगाम ठेवता येत नाही आणि घरट्यांच्या ऐन भराचे दिवस वगळावे लागतात. शेतकऱ्याची गोष्ट निराळी. पीक खाणाऱ्या कावळ्यावर तो हंगामाबाहेरही बंदूक चालवू शकतो. मात्र आधी न मारता हाकलण्याचे उपाय करावे लागतात.

सरदारजी घरांपासून लांब, बागेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बार काढीत. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. त्यांची निळी गाडी वळणावर दिसताच झाडाच्या शेंड्यावरचा पहारेकरी तीनदा ओरडला, आणि बघता बघता निम्मी बाग रिकामी झाली.

सरदारजी हसून म्हणाले, “देखा मास्टरजी? ये मेरी गाडी पहचानते हैं. बेटे की गाडी में आता हूँ तो पहले बैठे रहते हैं, फिर मेरी पगडी देखकर उडते हैं.”

मी विचारले, “दिवसाला किती मारता?”

“एक. कभी दो. कभी कोई नहीं. मारने के लिए थोडे ही मारता हूँ जी, बताने के लिए मारता हूँ.”

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. मारण्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी! ज्याला सांगून समजते, त्यालाच सांगण्यात अर्थ असतो. टोळधाडीला कोणी काही सांगत नाही.

मारण्यासाठी मारूनही पाहिलेले आहे. ओक्लाहोमा राज्यात १९३४ ते १९४५ या काळात कावळ्यांच्या रात्रीच्या वस्तीच्या १२७ जागा स्फोटकांनी उडवण्यात आल्या. सुमारे ३८ लाख कावळे मेले असावेत असा अंदाज आहे. आणि फळ? कावळ्यांची एकूण संख्या हटली किंवा पिकांचे नुकसान घटले, असा काही पुरावा मिळाला नाही. अडतीस लाख जीव घेऊन जे साधले नाही, ते सरदारजींना निळ्या गाडीने आणि दिवसाच्या एका बाराने निदान आठवडाभर तरी साधत होते.

कावळा माणसाचा चेहरा ओळखतो, हे आता नुसते शिकाऱ्यांचे म्हणणे राहिलेले नाही. सिएटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी २००६ साली गुहेतल्या आदिमानवाचा मुखवटा चढवून सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत खुणेची कडी घातली आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही त्या आवारात फिरले, की कावळे अंगावर ओरडत येत. पकडलेले सातच नव्हेत. ज्यांना कधी कोणी हात लावला नव्हता तेही, आणि पुढे जन्मलेली पोरेसुद्धा. वर्षे गेली तरी ते वैर विझले नाही. त्याच विद्यापीठात केली स्विफ्ट या बाईंनी दाखवून दिले, की मेलेला कावळा हातात घेतलेला माणूस दिसला, तर कावळे जमून कल्लोळ करतात आणि त्या चेहऱ्याला कित्येक आठवडे विसरत नाहीत. आपल्या गावी विजेच्या तारेला चिकटून कावळा मेला की भरणारी काकसभा तुम्ही आम्ही सर्वांनी पाहिली आहे. शास्त्रज्ञ त्याला शोक म्हणायला धजत नाहीत, धोक्याचा धडा म्हणतात. असेलही. माणसांच्या स्मशानात तरी या दोन गोष्टी कुठे वेगळ्या काढता येतात?

कायद्यानेही या पाखराशी मोठी मौज केली आहे. १९७२ साली अमेरिकेने मेक्सिकोशी असलेला पक्ष्यांचा करार वाढवला आणि कावळ्याच्या कुळाला संरक्षित पक्ष्यांत घेतले. त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि त्यात कावळा उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत गेला. ती यादी निघाली २०२२ च्या दुरुस्तीने. म्हणजे पन्नास वर्षे अमेरिकेतला बंदूकवाला कावळ्याचे दिवस मोजत होता, आणि आपण ज्याला पितर म्हणून हात जोडीत होतो तो आपल्या सरकारदप्तरी उंदराच्या पंगतीला होता!

आता अविधवा नवमीची गोष्ट सांगितली पाहिजे.

माझी पत्नी जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. गुहागरकडच्या आमच्या घरी जेवणाआधी पडवीच्या कठड्यावर भाताचे शीत ठेवल्याशिवाय ती पानावर बसली नाही. आणि त्याच कावळ्यांना कुरडयांच्या वाळवणावरून काळी छत्री उगारून शिव्याही तिनेच घातल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिची नवमी आली. सूनबाईंनी सकाळपासून खपून तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी असा सगळा बेत केला. सवाष्ण म्हणून शेजारच्या सरदारणीला आमंत्रण दिले. परसात पाटावर पान मांडले. मुलाने हात जोडले, मी जोडले, नातीने आमचे पाहून जोडले, आणि आम्ही वाट पाहू लागलो.

कावळे होते. बागेच्या पहिल्या रांगेत दहाबारा तरी बसले होते. पण एकही खाली येईना. अर्धा तास झाला, तास झाला. मुलगा म्हणाला, “बाबा, इथे कोणी असे पान ठेवत नाही. त्यांना हे नवीन आहे. नवीन वस्तूला ते लवकर शिवत नाहीत.” त्याचे म्हणणे बरोबर होते. पण तर्क बरोबर असला म्हणून मन गप्प बसते असे नाही. चार वर्षांत घरात जे कोणी बोलले नव्हते, ते सगळे त्या तासाभरात प्रत्येकाच्या तोंडावर येऊन गेले. तिच्या शेवटच्या आजारात मुलाला वेळेवर पोचता आले नव्हते. विमानच मिळाले नव्हते. तो एकसारखा पानाकडे पाहत होता.

इतक्यात निळी गाडी आली. सरदारजी पत्नीला जेवायला सोडायला आले होते. गाडी दिसताच पहिल्या रांगेतला कल्लोळ काय विचारता! सगळे कावळे उठून पार मागच्या झाडांवर गेले.

सरदारजी उतरले, पानाकडे पाहिले, आमच्या तोंडांकडे पाहिले. सूनबाईंनी हलक्या आवाजात काय ते सांगितले.

“हम लोग श्राद्ध नहीं करते, मास्टरजी,” ते म्हणाले. “लेकिन गाँव में कव्वा मुंडेर पर बोलता था तो दादी आटा ज्यादा गूँधती थी, कि मेहमान आएगा.” थोडे थांबले. मग म्हणाले, “मैं यहाँ खडा रहूँगा तो भाभीजी की रोटी को कोई हाथ नहीं लगाएगा. मैं जाता हूँ.”

जेवायचा आग्रह त्यांनी ऐकला नाही. गाडी वळवली, आणि ऐन सुगीच्या दिवसात तोफ बंद करून ते दुसऱ्या अंगाला निघून गेले. आम्हीही घरात जाऊन पडदे ओढले.

आणखी अर्ध्या तासाने नात ओरडली, “आजोबा, आला!” पडद्याच्या फटीतून पाहिले. डाव्या पंखात पांढरे पीस. तो आधी कुंपणावर बसला, मग हौदाच्या कडेवर, मग तिरक्या उड्या मारीत पानाशी आला. खिरीकडे पाहिले, चटणीकडे पाहिले, आणि एक वडा उचलून थेट रस्त्याच्या दिशेने निघाला. आम्ही पुढच्या खिडकीकडे धावलो. गृहस्थ नेहमीच्या उंचीवर गेला आणि त्याने वडा डांबरावर सोडून दिला!

वडा फुटला नाही. तो पुन्हा वर गेला, पुन्हा सोडला. सूनबाईंनी तोंडाला पदर लावला. “बाबा, आईंनी निरोप पाठवला. पीठ घट्ट झालंय म्हणून,” त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटले. मुलगाही हसला. चार वर्षांत त्याला आईच्या नावाने हसताना मी प्रथमच पाहिले. सरदारणीला काय झाले ते कळले नाही, तरी तीही डोळे पुसू लागली.

त्या दिवशी मला माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे वाटते. गेलेल्या माणसाकडून आपल्याला दुसरे काय हवे असते? धन नको, आशीर्वादही एक वेळ नको. त्याने आपल्याला अजून ओळखावे एवढेच हवे असते. आणि रानातल्या पाखरांत माणसाला चेहऱ्याने ओळखणारा, ती ओळख वर्षानुवर्षे जपणारा आणि पोराबाळांना सांगून ठेवणारा, असा आपल्या दारात कोण येतो? कावळा. आपल्या वाडवडिलांजवळ मुखवटे नव्हते आणि पायांत घालायची कडी नव्हती. पण रोज घास ठेवणाऱ्या बायकांना कोण कोणाला ओळखते हे पक्के ठाऊक होते. मेल्या माणसाची ओळख त्यांनी त्यालाच सांभाळायला दिली. वैऱ्याचीही ओळख तोच सांभाळतो. म्हणून तर सरदारजींचे काम एका बारावर भागते.

मी परत आलो त्याला बरेच दिवस झाले. सरदारजींची बाग अजून उभी आहे आणि बंदूकही भिंतीवरून उतरलेली नाही. सूनबाई रोज जेवणाआधी कुंपणाच्या खांबावर भात ठेवतात. पांढऱ्या पिसाचा गृहस्थ नेमाने हजेरी लावतो, आणि घास खाऊन झाला की कुंपणापलीकडे अक्रोडांना जातो. सरदारजींनी मला निरोप धाडला आहे: “मास्टरजी, आपका मेहमान खाना आपके यहाँ खाता है, और मेवा मेरे यहाँ.”